निलगिरीखालचं लाल भूछत्र

रागिणीला पाच वाजायच्या आत एका भूछत्राचं नाव पक्कं करून सरांना पाठवायचं होतं. हिंगोलीच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. मागच्या वेळी घाईत केलेली तिची चुकीची नोंद सरांनी सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवली होती.

हे भूछत्र तिच्या मामांना, ज्ञानबांना, जवळा बाजारच्या माळावर मेंढ्या चारताना निलगिरीखाली सापडलं होतं. टोपी तीन सेंटीमीटर, लालभडक. देठ पिवळा. टोपीखाली नेहमीच्या भूछत्रासारखे पातळ पदर नव्हते. स्पंजासारखी बारीक पिवळी छिद्रं होती. एवढ्यावरून पुस्तकात दोनच नावं उरली. एक जात दाबली की निळी पडते, दुसरी पडत नाही.

"मामा, तुमी दाबून बघितलं व्हतं का?"

"व्हय. किडकं हाय का बघाया. निळं पडलं की! हे बघ."

छिद्रांवर निळा डाग होता. रागिणीने 'निळे पडते' असं लिहिलं. पावणेचारला ती नोंद पाठवणार, तेवढ्यात मामी चांगुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"आधी हात धुवा. सकाळपासून तसेच हिंडून राहिले. भाकरीवर ठसा, धोतरावर ठसा!"

रागिणीने मामांचा उजवा अंगठा पाहिला. निळा होता. शेजारच्या खेमाचा कळपही त्यांच्याच माळावर चरतो, मेंढ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून सकाळीच मामांनी आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाची खूण केली होती. तिने भिंग काढलं. डागात अंगठ्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

"मामा, तुमी ह्याला बी खूण केली!"

"बरं झालं. आता खेमा न्हाई नेणार."

"हसता काहून?" मामी म्हणाल्या. "पोरीचं काम बिघडलं असतं."

रागिणीने हात धुतले, दुसऱ्या बाजूला काडीने दाबलं आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं तिघंही वाकून बघत राहिले. पिवळं ते पिवळंच राहिलं. तिने पहिलं वाक्य खोडलं, दुसरं नाव लिहिलं, निळ्या डागाचं कारणही लिहिलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी नोंद पाठवली.

पाचला दहा कमी असताना सरांचा निरोप आला: नाव बरोबर. शोधणाऱ्याचं नाव राहिलं आहे.

"काय लिहू, मामा?"

"माझंच लिही. अंगठा तर लावलाच हाय."