सागाच्या रानातलं प्रार्थनाघर

कन्नडच्या घाटाखाली वच्छलाबाई लहानपणापासून मेंढ्या चारत आल्या होत्या. तिथलं झाड न् झाड त्यांच्या ओळखीचं. पण दोन-तीन वर्षांनी त्या पुन्हा या बाजूला आल्या, त्या दिवशी समोर नुसते साग असताना बाईमाणसाच्या गाण्याचा आवाज आला, आणि माणूस काही दिसेना.

आवाजाच्या रोखानं त्या दोनदा फिरल्या. तिसऱ्यांदा एका झाडाला हात टेकला, तर ती भिंत निघाली. सालीसकट उभी केलेली लाकडं, मधे जिवंत झाडं तशीच ठेवलेली, वर गवताचं छप्पर. दोन लाकडांमधल्या वाटेनं त्या वाकून आत गेल्या.

आत चाळिशीची एक बाई गाणं म्हणत बाकं पुसत होती. तिनं वच्छलाबाईंना बसवलं, पाणी दिलं. ती करुणा. शहरात, उस्मानपुऱ्यात घरांचे नकाशे काढायची. तिचे वडील गावच्या शाळेत शिक्षक होते. शहरातलं चर्च लांब, म्हणून ते रविवारी आपल्या या जमिनीतच झाडाखाली प्रार्थना करत. इथं प्रार्थनाघर बांध, पण झाड तोडू नकोस, असं ते जाताना सांगून गेले होते. मग तिनं वादळात पडलेली लाकडं जमवून दोन वर्षांत हे उभं केलं.

वच्छलाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "गुरुजींची लेक व्हय तू?" त्यांनी विचारलं. "मी पोर होते तवा बघायची त्यांना. डोळे मिटून बोलायचे. कुणाशी बोलतात, ते काय कळायचं नाय."

करुणा शेजारी येऊन बसली. वडील तिच्यासमोर कधी मोठ्यानं प्रार्थना करत नसत. "मावशी, काय बोलायचे ते?"

"नावं घ्यायचे. शाळेतल्या पोरांची, एकामागं एक. माझ्या भावाचं, कडूबाचंबी. त्याला ताप आला होता त्या साली."

करुणानं ते नाव हळूच पुन्हा घेतलं. मग वच्छलाबाई जरा अवघडून म्हणाल्या, "पण बाई, ते इथं नाय बसायचे. तिकडं, ओढ्याच्या कडंला."

करुणाला आधी धक्का बसला, मग हसू आलं. ती लगेच त्यांच्याबरोबर निघाली. ओढ्याकाठी एका वाकड्या सागाच्या बुंध्याशी सपाट दगड होता. ती त्यावर बसली आणि त्या साली शाळेत आणखी कोण कोण होतं, ते विचारू लागली. वच्छलाबाईंना अकरा नावं आठवली.