पेशींना थांबू देऊ नका

प्रबुद्ध गजभियेने उमेदीची वर्षं एका प्रथिनामागे घालवली. पेशीचे दोन भाग होण्याआधी ती आपल्या डीएनएची नक्कल काढते. त्यात कुठे तोडमोड झाली की हे प्रथिन सगळं काम रोखून धरतं आणि दुरुस्ती होईपर्यंत पेशीला पुढे सरकू देत नाही. अशा पहारेकऱ्यांना चेकपॉइंट प्रथिनं म्हणतात. त्यावर प्रबुद्धला पीएच.डी. मिळाली, नोकरी मात्र मिळेना. शेवटी अंधेरीच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने त्याला मुख्य वैज्ञानिक म्हणून घेतलं. कंपनीत दुसरा वैज्ञानिकच नव्हता.

मालक श्यामसुंदर पूर्वी बाथरूमच्या टाइल्स विकायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रबुद्धला पांढरा कोट दिला आणि फोटो काढून झाल्यावर परत घेतला.

"डॉक्टर, आपलं नवं सीरम डीएनए रिपेअर करतं, असं लिहायचंय."

"पण करतं का?"

"ते तुम्ही सांगायचं ना! कशाला ठेवलंय तुम्हाला?"

बाटलीत कोरफड, ग्लिसरीन आणि गुलाबाचा वास, एवढंच होतं. हे काहीच करत नाही, असं प्रबुद्धने सरळ सांगितलं. मग पेशी स्वतःची दुरुस्ती कशी करते, ती मध्ये का थांबते, हे फळ्यावर आकृती काढून समजावलं. श्यामसुंदरांनी त्यातला एकच शब्द उचलला.

"थांबते? म्हणजे माणूस म्हातारा होतो तो यानेच!"

आठवड्याभरात हायवेवर भलंमोठं होर्डिंग लागलं. प्रबुद्धची बायको मनाली बोरिवलीहून शाळेत शिकवायला निघाली होती. तिने बसमधूनच फोन केला.

"अरे, 'पेशींना थांबू देऊ नका', हे तुमचंच ना? जी पेशी थांबतच नाही, तिचं काय होतं रे?"

"बहुतेकदा कॅन्सर."

"झकास. खाली तुझा फोटो आहे."

प्रबुद्ध तडक केबिनमध्ये गेला. श्यामसुंदरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सीरम काहीच करत नाही, हे तुम्हीच म्हणालात ना? मग कॅन्सर कसा होईल?"

प्रबुद्ध तसाच केबिनमधून बाहेर पडला. घरी पोहोचेपर्यंत त्याला स्वतःचाच राग येत होता.

जुहूच्या हॉटेलात सीरमचं अनावरण झालं. पांढरा कोट घालून प्रबुद्ध स्टेजवर बसला होता. प्रेक्षकांतून एक बाई उठल्या.

"माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. हे लावलं तर चालेल ना?"

श्यामसुंदरांनी माइक त्याच्याकडे सरकवला. प्रबुद्धने बाईंकडे पाहिलं. त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या.

"ताई, याने डीएनएचं काहीच होणार नाही. चांगलं नाही आणि वाईटही नाही. तुम्ही तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बाहेरची जाहिरात साफ चुकीची आहे. डीएनए तुटला तर पेशीने थांबायलाच हवं. दुरुस्ती जमली तर ती पुढे जाते, नाही जमली तर मरून जाते. न थांबता पुढे गेली, तर तो बिघाड तिच्या पुढच्या सगळ्या पेशींत उतरतो."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. सगळ्यांत जोरात श्यामसुंदर.

"वा डॉक्टर!" त्यांनी माइक खेचून घेतला. "म्हणूनच आम्ही घेऊन येतोय नवं नाइट क्रीम, 'विराम'! पेशींना थांबू द्या!"

दाराशी नोंदणीसाठी रांग लागली. त्या बाई मात्र रांगेत नव्हत्या. पर्स उचलून त्या केव्हाच निघाल्या होत्या. प्रबुद्धने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि त्यांच्या मागोमाग बाहेर पडला.

पुढे मुलुंडच्या एका कॉलेजात त्याला कंत्राटी जागा मिळाली. पगार कमी, मायक्रोस्कोप जुना. एका दुपारी त्याने यीस्टच्या पेशींवर डीएनए बिघडवणारे अतिनील किरण सोडले आणि डोळा लावून बसला. प्रत्येक पेशीला मोठा अंकुर फुटला होता, पण एकही अंकुर नवी पेशी होऊन सुटत नव्हता. सगळ्या तशाच खोळंबल्या होत्या.

मनालीचा फोन आला. "जेवलास का?"

"थांब गं," तो म्हणाला. "एक सुटतेय."