कोरडं झाल्यावर मोजा

बंद पडलेल्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. तिन्ही भिंतींना आरसे होते, त्यामुळे होत्या त्याच्या कितीतरी पट बायका दिसत होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीचं डोकं झाकलेलं होतं. कुणी रुमाल बांधला होता, कुणी टोपी घातली होती. आम्ही मोजके पुरुष भिंतीला चिकटून उभे होतो. त्यात टकला मी एकटाच. पुढच्या रांगेतली एक बाई आरशातून माझ्याकडे बघत शेजारणीला म्हणाली, "यांना आता कसली आशा?"

"अगं, आशेला केस लागतात का?" शेजारीण म्हणाली.

मी माझ्या सुनेबरोबर आलो होतो. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारा. घरात ती आणि मी. तिला थायरॉईडचा आजार निघाला होता आणि केस मुठीने गळत होते. लग्नाच्या फोटोत तिची वेणी कमरेखाली आहे. मुलगा तीन महिन्यांनी येणार होता, आणि सून दररोज सकाळी तो फोटो पालथा करून मगच केस विंचरायला बसायची.

ज्यांच्यासाठी ही गर्दी जमली होती त्या कुंतलमाता आल्या. उंच स्टुलावर बसल्या आणि पाठीवरचे केस सोडले. ते थेट जमिनीला टेकले.

"माणूस म्हणजे उलटं झाड," त्या म्हणाल्या. आवाज गोड, खालच्या पट्टीतला. "केस म्हणजे मुळं. झाड मरायला लागलं की आधी काय सुटतं? मूळ सुटतं. आणि तुमचे डॉक्टर काय करतात? पानांना औषध फासतात."

"खरंय हो," कुणीतरी सुस्कारा टाकला.

माझ्या मनात आलं, मग पानं म्हणजे पावलं झाली, आणि पावलांना औषध लावणारा डॉक्टर मी तरी पाहिलेला नाही. पण विचारलं नाही. उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. समासात लाल खूण करायची सवय. तोंडाने कुणाला चूक दाखवायची म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, आणि चूक आपलीच असेल असंही वाटत राहतं.

सुनेची पाळी आली. घरून आणलेली, गळलेल्या केसांची दोऱ्याने बांधलेली बट तिने पुढे केली. मातेचा मापाडी, एक गंभीर चेहऱ्याचा जाड गृहस्थ, त्याने ती लाकडी फळीवर ठेवली, टोकाशी खडूने रेघ मारली आणि फळी उचलून सगळ्यांना दाखवली. मग बट तांब्याच्या घंगाळात बुडवली. त्यात पांढरं, दाटसर, सुवासिक पाणी होतं. ती केशसंजीवनी. मातेने डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. थोड्या वेळाने मापाड्याने बट बाहेर काढली, फळीच्या खुंटीला टांगली आणि खालच्या टोकाला पितळेची छोटी घंटी अडकवली.

"केसाला बोलू द्या," माता म्हणाल्या.

फळी उभी धरली. बटेचं टोक खडूच्या रेघेच्या चांगलं बोटभर खाली आलं होतं. घंटी हलली, किणकिण झाली, आणि माझ्या अंगावरसुद्धा काटा आला. खोटं कशाला बोलू?

"तुटलेला केस वाढतो, तर डोक्यावरचा का वाढणार नाही? केस वाढला म्हणजे आयुष्य वाढलं. गोळ्या चालू आहेत, बाळा?"

"थायरॉईडची. रोज एक."

"गोळी सुरू केल्यावर गळणं वाढलं ना?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो. दुप्पट झालं."

"तीच मूळ जाळतेय. सोड."

घरी येताना तिच्या हातात संजीवनीची बाटली होती आणि मातेने दिलेला जाड दातांचा लाकडी कंगवा. बऱ्याच दिवसांनी ती रस्त्यात हसून बोलली. तेवढ्यासाठी मी गोळीचा विषय काढला नाही.

पंधरवड्यात कंगव्यातले केस खरंच कमी झाले. ती मला कंगवा दाखवायची. "बघा बाबा, चारच." मी बघायचो. चारच असायचे. म्हणजे माताच बरोबर आणि आपण पुस्तकी किडे चूक, असं मी स्वतःला समजावलं. पण तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. उकाड्यात ती स्वेटर घालून बसायची. आवाज घोगरा झाला. एकदा गॅसवर दूध ठेवून ओट्याशी उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला, आणि दूध उतू जाऊन करपलं तरी तिला कळलं नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून काचा बसवायच्या, हे तिचं काम. एका म्हाताऱ्या बाईंना तिने भलत्याच मापाच्या काचा दिल्या आणि त्या दुकानाच्या पायरीवरच धडपडल्या. मालकाने सुनेला सांगितलं, "ताई, तब्येत सांभाळा, मग या."

मी औषधांच्या दुकानात गेलो. निदान ती महाग संजीवनी तरी थांबेल, असा माझा भाबडा हिशेब. काउंटरवरच्या मुलीला हळूच म्हटलं, "केसांचं कंडिशनर पाहिजे. परवडेल असं."

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. "कोणत्या प्रकारच्या केसांसाठी, आजोबा?"

"असलेल्या," मी म्हटलं.

तिला हसू आवरेना. तिने बाटल्यांची रांग मांडली. जुनी सवय, मी प्रत्येकीच्या पाठीवरचा बारीक मजकूर भिंगातून वाचला. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त बाटलीवरची पहिली चार-पाच द्रव्यं तीच होती, त्याच क्रमाने. पुढे महागात फुलांची आणि फळांची नावं वाढत गेली होती, अगदी शेवटी, चिमटीभर.

"मग फरक कशात?" मी विचारलं.

"वासात आणि झाकणात," ती म्हणाली. "केसांना गुळगुळीत दोन्ही करतात. उगवत एकानेही नाहीत, तेवढं लक्षात ठेवा."

मी स्वस्तातली बाटली घेतली. सुनेने ती बघितली आणि न्हाणीघराच्या फळीवर मागे सारून ठेवली. "बाबा, हे दुकानातलं. ते सिद्ध केलेलं. तुम्ही पुस्तकातलं सांगू नका मला. तुम्हाला नाही कळायचं, रोज सकाळी उशीवर काय दिसतं ते."

ते मला खरंच कळत नव्हतं.

सुनेच्या डॉक्टरीणबाईंकडे मी एकटाच गेलो. त्यांनी डोकं धरलं. "गोळी सोडून किती दिवस झाले? अहो, हे असंच चाललं तर तिचं हृदय मंदावेल. एक दिवस गुंगीतून उठायची नाही. सुरुवातीला काही महिने केस गळतात, नंतर थांबतात. मीच तिला नीट सांगायला हवं होतं. बाहेर रांग असते, राहून गेलं."

"तुम्ही तिला रागवा ना."

"रागावले तर यायचीच बंद होईल. तिला गोळीचं वैर नाही, आजोबा. तिला केस हवेत."

त्या दुपारी मी कपाट उघडलं आणि माझ्या बायकोचं गंगावन काढलं. विंचरताना गळलेले स्वतःचे केस वर्षानुवर्षं साठवून तिने ते करून घेतलं होतं. वेणीत घालायची. ती गेल्यावर तिच्या सगळ्या वस्तू आम्ही देऊन टाकल्या, एवढं मात्र मला देववलं नाही. ते हॉलमध्ये न्यायचं म्हणजे तिला चारचौघांत उभं करण्यासारखं होतं. दोनदा परत ठेवलं. शेवटी सुनेला म्हटलं, "या खेपेला मलाही एक बट दाखवायची आहे."

"कुणाची?" तिने विचारलं, आणि पिशवीतलं पाहून आपल्या पट्टीने ते गाठीपासून टोकापर्यंत मोजून घेतलं.

हॉलमध्ये माझा नंबर लागला तेव्हा मी पिशवी उघडून पुढे केली. मापाड्याने गंगावन फळीवर ठेवलं, रेघ मारली, घंगाळात बुडवलं.

"कुणाचे केस, आजोबा?" मातेने विचारलं.

"पत्नीचे. तिला येता येत नाही."

"अंथरुणाला खिळली आहे?"

"खूप दिवस होती."

"गोळ्या?"

"आता बंद आहेत."

"उत्तम केलंत," माता म्हणाल्या, आणि मापाड्याने घंटी अडकवली. गंगावन रेघेच्या दोन बोटं खाली उतरलं. हॉलभर हुंकार उठला. "बघा किती आयुष्य वाढलंय. महिनाभरात आपल्या पायांनी चालत तुमच्याबरोबर येईल."

मी काय सांगू? उत्तर घोकून गेलो होतो, तरी क्षणभर मला तेच हवं होतं. घरच्या जिन्यावर बायकोची पावलं ऐकू आल्यासारखी वाटली. मग मी घसा खाकरला.

"ती जाऊन आठ वर्षं झाली," मी म्हटलं.

मला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. माझा आवाज मुळात बारीक, तिसऱ्या रांगेपलीकडे तो पोचलाच नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी मातेकडे पाहिलं. माता किंचितही हलल्या नाहीत. डोळे भरून म्हणाल्या, "आठ वर्षं. आणि केसांत अजून प्राण आहे. यालाच म्हणतात पतिप्रेम. त्यांचा आत्मा वाढतोय, आजोबा."

पुढच्या रांगेतली बाई रडायला लागली. दुसरी एक उठून माझ्या पाया पडली. मी चूक दाखवायला गेलो आणि चमत्कार होऊन बसलो. त्या संध्याकाळी बाटल्या नेहमीपेक्षा जास्त खपल्या असाव्यात. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केसही मीच नेऊन दिले होते.

घरी येऊन ओलं गंगावन खिडकीत वाळत टाकलं आणि तसाच आडवा झालो. सुनेने जेवायला हाक मारली नाही. तीही झोपली होती, स्वेटर घालून, तोंडावर पांघरूण घेऊन. तिचा श्वास चालू आहे ना, हे मी रात्री उठून दारात उभा राहून ऐकत होतो.

सकाळी जाग आली तर सून खिडकीशी उभी होती. हातात तिची दुकानातली पारदर्शक पट्टी, डोळ्यांतलं अंतर मोजायची.

"बाबा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काल निघताना मी हे या गाठीपासून टोकापर्यंत मोजलं होतं. हॉलमध्ये ते दोन बोटं वाढलं होतं ना?"

"हो."

"मग आत्ता ते परत तेवढंच कसं भरतंय?"

मी उठून पाहिलं. गंगावन वाळलं होतं आणि जुन्या वेणीचे नागमोडी वळसे त्यात पुन्हा पडले होते. मी काहीच बोललो नाही. या वेळी भिडेने नव्हे. ती स्वतःच वाचत होती, मध्ये बोट घालायचं कशाला?

तिने उशीवरचे स्वतःचे केस गोळा केले, दोऱ्याने बांधले आणि ओट्यावर मोजले. मग साध्या नळाच्या पाण्यात बुडवले, खुंटीला टांगले, खाली चहाचा चमचा बांधला. वाढले. पुसून वाळवले. कमी झाले. न्हाणीघराच्या फळीवरून मी आणलेली बाटली घेतली, थोडं पाण्यात कालवलं आणि परत बुडवले. जवळजवळ तेवढेच वाढले, वर गुळगुळीतही झाले. शेवटी चमचा सोडला. बट लगेच थोडी वर चढली.

"आडवं, कोरडं, वळसेवालं मोजायचं," ती सावकाश म्हणाली, "आणि नंतर ओलं करून, वजन बांधून, ताणून मोजायचं. गिऱ्हाइकाचं एक माप मान खाली घालून घ्यायचं आणि दुसरं वर करून. असलं माप मी दिलं तर मालक मला एक दिवस ठेवणार नाही."

मग तिने मातेचा कंगवा उचलला. दातांमधून तिचं बोट आरपार गेलं. ड्रॉवरमधून आपला जुना बारीक कंगवा काढला आणि तो केसांतून एकदा ओढला. कंगवा भरून आला. ती त्याच्याकडे बघत खाली बसली.

"गळणं थांबलंच नव्हतं. नुसतं दिसायचं थांबलं होतं."

बराच वेळ ती रडली. मी शेजारी बसलो. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे मला ठरवता येईना, मग ठेवला.

"बाबा, हे येतील तेव्हा मी अशीच असेन."

"असशील," मी म्हटलं. "पण असशील."

तिने नाक पुसलं आणि पाण्याचा पेला मागितला. गोळ्यांची पट्टी डाळीच्या डब्यामागे होती. फेकलेली नव्हती, नुसती लपवलेली होती. हे बघून मला जो धीर आला तो सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी बाहेरच्या रांगेला थांबवून तिला सगळं समजावलं. केस यायला महिने लागतील, कंडिशनर हवं तर लावा, त्याने गुंता सुटतो आणि केस कमी तुटतात. मुळाशी त्याचं काही चालत नाही. ते कोणतंही घ्या, परवडेल ते.

पुढच्या सभेला सून गेली. मी नको म्हणत होतो. तिने रुमाल बांधला नव्हता. विरळ डोकं तसंच, आरशांत सगळीकडून दिसत होतं. एका मुलीची बट खुंटीवर बोटभर वाढली, किणकिण झाली. तेव्हा सून उभी राहिली. पर्समधून टॉवेल आणि केस वाळवायचा छोटा ड्रायर काढला आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते त्याच आवाजात म्हणाली, "फार छान. आता घंटी काढा आणि कोरडं झाल्यावर मोजा."

"श्रद्धेला पुसत नाहीत, बाळा," माता म्हणाल्या.

"श्रद्धेला नाही हो. केसांना."

कुणीतरी फिसकन हसलं. मापाड्याने मातेकडे पाहिलं, मातेने दाराकडे. ज्या मुलीची बट होती ती पुढे आली आणि म्हणाली, "माझे आहेत ना? मग पुसा." तिने स्वतः पुसले, स्वतः वाळवले. फळीवर आडवे ठेवले तेव्हा टोक खडूच्या रेघेवर आलं. पुढच्या रांगेतल्या बाईने आपली बाटली उघडून हुंगली आणि झाकण लावून टाकलं. सगळ्या उठून गेल्या नाहीत. निम्म्या बसून राहिल्या, आणि मी त्यांना दोष देत नाही. उशीवर काय दिसतं ते त्यांनाच माहीत.

मला उपदेश जमत नाही. तरी वाचणाऱ्यांना एवढं सांगतो. अंगाला लावायची वस्तू वस्तू म्हणून घ्या, खिशाला झेपेल ती घ्या. पण जी वस्तू तुमच्या आयुष्याचं माप घेते म्हणेल आणि डॉक्टरची गोळी सोडायला सांगेल, तिच्यासमोर एक टॉवेल घेऊन जा. आशेने भिजलेल्या डोळ्यांना सगळंच बोटभर लांब दिसतं. कोरडं झाल्यावर मोजा.

गंगावन मी पुन्हा कपाटात ठेवलं आहे. ठेवण्याआधी सुनेच्या पट्टीने एकदा मोजलं. बायको गेली त्या दिवशी होतं तेवढंच आहे.