पावणेतीन कप पाणी

त्या घरात काही सापडेनासं झालं की ते आत्याच्या शिखरावर गेलं, असं म्हणायची रीत होती. कात्री, चष्म्याचं घर, जोडीतला एक मोजा, सगळं तिकडेच. आत्याही हसायची. पण हसून झालं की उगाच उठून खिडकी लावून घ्यायची.

पस्तीस वर्षांपूर्वी ती आणि तिची मैत्रीण दाट धुक्यात एका बर्फाच्या डोंगरावर चढत गेल्या होत्या. जिथे आणखी वर जायला काही उरलंच नाही, तिथे त्या थांबल्या. शेजारचं माणूस दिसत नव्हतं, तिथे फोटो कसला निघणार! खाली छावणीवर पथकप्रमुखाने वहीत लिहून टाकलं, ‘अर्ध्यातून परत.’ मैत्रीण आता राहिली नव्हती. आणि अलीकडे आत्यालाच शंका यायची, तो माथा होता की आपल्या मनाचे खेळ? जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या बाईला असं अधांतरी राहणं फार जड जातं.

माळा आवरताना तिचा तेव्हाचा स्टोव्ह निघाला आणि तिची दहा वर्षांची भाची, भिंगरी, त्याच्या मागेच लागली.

पत्र्याची पेटी उघडताना बिजागरी गळून हातात आली. आतली पितळी टाकी हिरवी-काळी पडली होती. बर्नर काजळीने बुजलेला आणि टाकीच्या झाकणाभोवती रॉकेलचा चिकटा वाळून दगड झालेला.

“ताई, हे भंगार आहे,” आत्याचा धाकटा भाऊ दारातून म्हणाला. “शिखरावरच ठेवून यायचंस.”

“बाबा, तुम्ही जा बरं!” भिंगरी कडाडली.

तीन दिवस दोघी खपल्या. पेटीचा गंज तारेच्या ब्रशने निघाला, पितळ लिंबू-मिठाने उजळलं. पंपातला चामड्याचा वायसर वाळक्या सालीसारखा कडक झाला होता, तो तेलात भिजत पडला. झाकणाच्या कडेने भिंगरी रोज तेल सोडायची, आजाऱ्याला औषध पाजावं तसं.

चौथ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, “आता उघडू. आधी साबणाचा फेस लाव. आत जुना दाब असेल तर हवा बाहेर येताना बुडबुडे दिसतील, म्हणजे आपण वेळीच तोंड मागे घेऊ.”

भिंगरीने पक्कड लावून जोर केला. झाकण केसभर हललं. बुडबुडा एकही आला नाही. उलट फेसाला खळगा पडला आणि सूंऽऽ करत फेस आत गेला.

“आत्या, हा पितोय!”

आत्याने झडप घालून झाकण पुन्हा आवळलं. 

“माझं काही चुकलं का?”

“नाही गं राणी. थांब, मला आठवू दे.” ती टाकी मांडीवर घेऊन खाली बसली. “वर हा शेवटच्या थेंबापर्यंत जळला. विझल्यावर आम्ही दोघी त्यालाच धरून शेकत बसलो, पार गार होईपर्यंत. मग हवा सोडून झाकण घट्ट केलं. टाकी रिकामी असली तरी उघडी ठेवायची नाही, अशी शिस्तच होती. त्यानंतर तो कुणी उघडलाच नाही.”

“म्हणजे आत...”

“आत तिथली हवा आहे. वरची हवा विरळ असते. इथली दाट हवा तिच्यावर चाल करून जातेय.”

“किती वरची, ते कळेल?”

आत्या भाचीकडे बघतच राहिली. “कळेल. पण एकदाच.”

बादली भरली. कसली गडबड म्हणून भाऊही आला. आत्याने त्याला नीट समजावलं. स्टोव्ह उलटा बुडवून झाकण पाण्याखाली उघडायचं. आत जितकी हवा कमी, तितकं पाणी शिरणार. टाकीत मावतात सहा छोटे कप. छावणीवर हवा इथल्या दोन तृतीयांश, तिथे बंद केला असेल, तर दोन कप पाणी शिरेल. माथ्यावर हवा इथल्या निम्मी, तर तीन.

“आणि अर्ध्यातून परत?” भावाने विचारलं.

“अडीच,” आत्या म्हणाली. भावाने थट्टा सोडून बाह्या सरसावल्या.

भिंगरीने पाण्याखाली झाकण फिरवलं. टाकी खोल श्वास घेतल्यासारखी घुमली. बादलीतलं पाणी बोटभर खाली उतरलं.  पस्तीस वर्षं मुठीत धरलेलं काहीतरी ते भांडं आत्ता सोडत होतं.

तोंडावर बोट दाबून टाकी बाहेर काढली. भावाने स्वतः पाणी मोजलं. एक कप. दोन कप. मग पाऊण.

“पावणेतीन,” आत्या म्हणाली. “तीन नाही.”

“अगं आत्या, आधी तो फेसाबरोबर हवेचा एक घोट प्यायला ना?” भिंगरी म्हणाली.

“त्याचं माप कुठंय?”

“नसू दे माप. पण अडीचच्या वर तर गेला!” भाऊ हट्टाला पेटला होता. “अर्ध्याच्या पुढे, मधे कुठे बसून स्टोव्ह पेटवता येतो का, सांग.”

“नाही रे. पुढे सगळी उभी धार. पाऊल ठेवायची मारामार. बसायला जागा एकदम...”

ती थांबली.

“एकदम कुठे?” भिंगरीने विचारलं.

“माथ्यावर,” आत्या म्हणाली आणि कपातल्या पाण्याकडे बघत राहिली.

 मग भिंगरीने टाकी हळूच जवळ ओढली. “पाणी आलं ते बाहेर ओतलं. पण ती हवा? ती अजून आत आहे?”

“आहे की. आपल्या हवेत मिसळलेली. आता रॉकेल भरलं की बाहेर पडेल.”

आत्याने नरसाळं लावून धार धरली. भिंगरीने टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन छाती भरून श्वास घेतला.

“कसला वास येतोय?” भावाने विचारलं.

“रॉकेलचा.”

“सरक जरा,” तो म्हणाला आणि गुडघे टेकून आपणही वाकला.