पोपटांचे उच्चासन

गच्चीवरील अँटेनाशी माझे कधीच वैर नव्हते. वैर होते ते त्यावर बसणाऱ्या पोपटांशी. आमचे यजमान हौशी रेडिओचालक. माझी धाकटी बहीण दूरच्या एका बेटावर राहते. तिचा नवरा तेथील दीपगृह सांभाळतो. तेथे टेलिफोन पोहोचत नाही, म्हणून दर रविवारी सकाळी या अँटेनाच्या आधारेच आम्हा बहिणींचे बोलणे होते. आपले बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणावे, असा रेडिओवरचा रिवाज आहे. मी म्हणत नसे. मी थांबले म्हणजे संपले, हे समोरच्याने ओळखावे.

धाकटीचा नवरा निवृत्त होत होता. दोघांनी कायमचे आमच्याकडे यावे, असे मी तिला फर्मावले होते. तिचे उत्तर रविवारी यायचे होते आणि शुक्रवारीच पोपटांनी केबलचे आवरण सोलून अँटेनाच्या काड्या वाकवल्या.

यजमानांनी नवी केबल जोडली, काड्या सरळ केल्या आणि कपाळावर हात मारला. "उद्या पुन्हा येतील बघ."

"येऊ देत. मिरची वाटून केबलला फासा. जन्माची अद्दल घडेल मेल्यांना."

"अगं, पण पोपटाला..."

"फासा म्हटलं ना!"

त्यांनी फासली. शनिवारी सकाळी कालचे पोपट तर आलेच, वर सगेसोयरेही घेऊन आले. केबल चाटूनपुसून लख्ख!

सूनबाईला हसू आवरेना. "आई, पोपटाला मिरची म्हणजे सासुरवाडीचा पाहुणचार की हो!"

"ठाऊक आहे मला. त्यांची आवड पारखत होते."

मग मी स्वतः गच्चीवर खुर्ची टाकून बसले. प्रत्येक पोपट सर्वांत उंच टोकासाठी भांडत होता. मला आमच्या थोरल्या नणंदबाई आठवल्या. प्रत्येक कार्यात त्या खुसपटे काढीत. एकदा त्यांना मधोमध उंच आसनावर बसवले, पुढ्यात फळांचे ताट ठेवले आणि कार्य निर्विघ्न पार पडले.

"अहो, यांना तुमचा अँटेना नकोच आहे. मान हवाय. तो जुना वासा काढा!"

पाण्याच्या टाकीपाशी, अँटेनाहून उंच असा वासा उभा राहिला. त्यावर आडवी फळी आणि फळीवर मिरच्यांची वाटी. दिवस मावळण्यापूर्वी सारी सभा तिकडे स्थलांतरित झाली.

रविवारी धाकटीचा आवाज खणखणीत आला. "ताई, आम्ही येतोय. पण एक अट आहे. मी स्वयंपाक करताना मागे उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. ओव्हर."

"मी कधी कुणाला सूचना देते का?"

रेडिओ गप्प. मी यजमानांकडे पाहिले; ते बटणे पुसू लागले. सूनबाई छताकडे बघत होती.

"ताई, झालं का तुझं बोलून? ओव्हर."

मी घसा साफ केला. "मान्य आहे." आणि आयुष्यात प्रथमच जोडले, "ओव्हर."

संध्याकाळी यजमानांनी माझी उंच पाठीची खुर्ची बाल्कनीत नेऊन ठेवली. स्वयंपाकघरापासून जितकी लांब नेता येईल तितकी.

"इथून सगळा रस्ता दिसतो हो, आई," असे म्हणून सूनबाईने शेजारी सोललेल्या बदामांची वाटी ठेवली.

वरून पोपटांचा तृप्त कलकलाट ऐकू येत होता. मी दोघांकडे रोखून पाहिले. मग बसले. बदाम उत्तम होते.