बुवांचं राहिलेलं कीर्तन

या, अजून थोडं पुढे सरका. सतरंजी मोठी आहे आणि माझा आवाज लहान. आज देवादिकांची नाही, वणीतल्या एका घरची गोष्ट सांगतो. पण ऐका मात्र कीर्तनाला बसल्यासारखं.

सुमेधाकाकूंच्या घरी वरच्या खोलीत त्यांचा मुलगा अनिकेत आणि त्याचा मित्र जमीर 'पऱ्हाटी', म्हणजे कपाशी, या नावानं संगीत काढायचे. सगळं कॉम्प्युटरवर. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांची घरघर, कोळशाच्या ट्रकांचे हॉर्न टिपायचे, त्यावर ठेका चढवायचा आणि इंटरनेटवर सोडून द्यायचं. ऐकणारे मोजके, पण कुठकुठले.

"यात गाणं कुठं आहे रे?" काकू विचारायच्या.

"येऊन राह्यलं काकू, मागच्या ट्रकात आहे," जमीर म्हणायचा.

काकूंचे यजमान सदाशिवबुवा. नोकरी कचेरीत केली, पण गावानं ओळखलं कीर्तनकार म्हणून. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा अनिकेतनं त्यांच्यापुढे माइक ठेवला. बुवा दोन ओळी म्हणाले आणि थांबले.

"रिकाम्या खोलीत कीर्तन होत नसते, बाबू. समोर कोणी तरी बसव."

मग जमीर समोर मांडी घालून बसला. बुवांनी पूर्वरंग केला, म्हणजे कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग. पुढे आवाज बसला, तसे म्हणाले, "कथा आन् आरती उद्या करू." पहाटे त्यांना नागपूरला हलवावं लागलं. तिथून बुवा परतले नाहीत.

थंडी सरता सरता बुवांच्या त्या आवाजावर 'पऱ्हाटी'चं नवं रेकॉर्डिंग तयार झालं. नाव 'पूर्वरंग'.

"आई, शेवट तुटल्यासारखा वाटते," अनिकेत म्हणाला. "बाबांची जुनी आरती फोनमध्ये आहे. जोडू का?"

"नको."

"काहून?"

"ते कीर्तन अजून व्हायचं आहे," काकू म्हणाल्या. दूध अजून तापायचं आहे म्हणावं, इतक्या सहज. अनिकेतनं मान खाली घातली. आरती झाली नाही, म्हणजे कीर्तन चालूच आहे. आणि कीर्तन सोडून बुवा कुठे जातील? एवढ्याच आधारावर त्या माउलीनं दिवस ढकलले होते.

प्रकाशनाचा कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात, संध्याकाळी. चंद्रपूर-यवतमाळची तरुण पोरं आली होती, तशीच बुवांच्या कीर्तनाला कायम बसणारी मंडळीही. मुकुटबनचे डोमाजी तर एसटीनं आले होते. दिवे मंद झाले. यंत्राचा बारीक घुमारा उठला, जमीरनं बसवलेला संथ ठेका आला आणि त्यावर बुवांचा थकलेला, गोड आवाज. काकूंनी डोळे मिटले. शेवटी "उद्या करू" आलं आणि सगळं थांबलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, उभी राहिली. म्हातारी मंडळी हलली नाहीत.

"कार्यक्रम संपला," अनिकेत माइकवर म्हणाला.

"आरती व्हायची आहे ना, बाप्पा," डोमाजी म्हणाले. "आरतीच्या आधी कसं उठावं?"

त्याच मंडळीतल्या हंसाबाईंनी सुचवलं, "आपणच म्हणू का?"

"बुवांचं कीर्तन आहे. घरच्यांनी सांगावं," डोमाजी म्हणाले.

सगळे काकूंकडे पाहू लागले. त्या बोलल्या नसत्या, तर ही माणसं खरंच बसून राहिली असती, आणि बुवांचं कीर्तन आणखी थोडा वेळ चालू राहिलं असतं. पण डोमाजी गुडघा चोळत होते. हंसाबाईंनी भिंतीला पाठ टेकली होती. ताटकळलेल्या श्रोत्यांना बुवांनी कधी बसवून ठेवलं नव्हतं.

काकू भिंतीचा आधार घेऊन उठल्या.

"डोमाजी, उठा तुम्ही. आरती नाही व्हायची." त्या थांबल्या. "बुवा गेले."

इतक्या महिन्यांत हे दोन शब्द त्यांनी उच्चारले नव्हते. डोमाजी सावकाश उठले, स्पीकरसमोर वाकून नमस्कार केला आणि चपला शोधायला गेले. त्यांच्यामागे एकेक जण तसाच वाकून गेला. सभागृह रिकामं झालं, तेव्हा काकू खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. जमीर आणि अनिकेत दोन्ही बाजूंना बसून राहिले. वायरी तशाच पडल्या होत्या.

तर मंडळी, एवढंच मागतो. कुठल्या कीर्तनाला शेवटपर्यंत बसलात, की वणीच्या सदाशिवबुवांची क्षणभर आठवण काढा.