जपून ठेवलेली पदवी

स्पृहा हनोईतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तिचा वर्क व्हिसा बारा दिवसांत संपणार होता आणि मुदतवाढीसाठी मूळ पदवीवर सरकारी शिक्का हवा होता, म्हणून ती धावतपळत पुण्याला आली. बाबांनी कपाटातून पदवी काढली आणि भीक घातल्यासारखी तिच्यापुढे टाकली. पदवी चकचकीत लॅमिनेट केलेली होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे कुणी केलं?"

"मी. जपून ठेवायला नको?"

"लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारत नाहीत, बाबा! नवी प्रत मिळायला दोन महिने लागतील!"

"मग राहा इथेच. परक्यांच्या पोरांना एबीसीडी शिकवल्यावाचून काय अडलंय तुझं?"

तिने पदवी उचलली. प्लॅस्टिकला अजून नवेपणाचा वास येत होता. पदवी लागणार असल्याचं तिने फोनवर कळवलं, त्याला चारच दिवस झाले होते. आणि बाबांची सगळी नोकरी त्याच शिक्क्याच्या खिडकीमागे गेली होती.

"तीस वर्षं तुम्ही याच कारणासाठी लोकांना परत पाठवलंत," ती म्हणाली.

"एकतीस," बाबांनी दुरुस्ती केली.